ट्रामाडॉल घेताय? मग पिशवीतल्या बाकीच्या गोळ्याही दाखवा

२०२५ च्या फेब्रुवारीत एक बातमी गाजली. टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल ही दोन औषधं एकत्र असलेल्या, भारतात तयार झालेल्या गोळ्या घाना, नायजेरियासारख्या देशांत नशेसाठी विकल्या जातात, हे बीबीसीच्या पत्रकारांनी उघड केलं. काही दिवसांतच केंद्र सरकारने या मिश्रणाच्या उत्पादनाचे आणि निर्यातीचे परवाने रद्द केले. आपण वाचलं आणि पान उलटलं. कुठे घाना आणि कुठे आपलं विदर्भातलं घाटंजी!

पण टॅपेन्टाडॉलचा थोरला भाऊ आपल्या घरातच आहे. त्याचं नाव ट्रामाडॉल. मणक्यात गॅप आहे म्हणून, नस दबली म्हणून, गुडघे गेले म्हणून, हाड मोडलं, ऑपरेशन झालं किंवा सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) कळ उठली म्हणून दिली जाणारी ही गोळी. बरेचदा ती पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत असते, त्यामुळे आपण ट्रामाडॉल घेतोय हे घेणाऱ्याला माहीतही नसतं. या गोळीबद्दल गावात दोनच मतं ऐकू येतात. एक, ‘लय पावरची आहे, घेतली की दुखणं गायब’. दुसरं, ‘नशेची आहे, हात लावू नका’. दोन्ही अर्धवट. ट्रामाडॉलचा धोका पुष्कळदा एकट्या गोळीत नसतो. तिच्यासोबत पोटात दुसरं काय गेलंय, त्यात असतो. आणि नेमकं तेच डॉक्टरला कोणी सांगत नाही.

ही गोळी करते काय?

अफूपासून मॉर्फिन मिळतं. मेंदूत आणि मज्जारज्जूत मॉर्फिन ज्या जागांवर जाऊन बसतं, त्याच जागांवर बसणाऱ्या सगळ्या औषधांना ओपिऑइड म्हणतात. ट्रामाडॉल अफूतून काढत नाहीत, ते कारखान्यात बनतं. १९७७ मध्ये एका जर्मन कंपनीने ते बाजारात आणलं. ताकदीत ते मॉर्फिनपेक्षा बरंच सौम्य.

ट्रामाडॉल एकाच वेळी दोन कामं करतं. वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचू देत नाही, हे पहिलं. दुसरं, सेरोटोनिन आणि नॉरएड्रिनॅलिन ही मेंदूतली दोन रसायनं वाढवतं. ही रसायनंही वेदना दाबतात. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या याच दुसऱ्या वाटेने जातात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

एक गोष्ट मात्र ट्रामाडॉल करत नाही. ते सूज उतरवत नाही. दुखणं कळेनासं होतं, पण आतली दबलेली नस दबलेलीच राहते. गोळी घेऊन सोयाबीनचं पोतं उचललं तर मणक्याला काही गोळीचं कवच मिळालेलं नसतं.

जिनिंगमध्ये काय होतं ते आठवा

कापूस वेचून आणला की तो तसाच सुतगिरणीत जात नाही. आधी जिनिंग. तिथे सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते. ट्रामाडॉलचं असंच आहे. गोळी पोटात गेली की यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं एक एन्झाइम तिच्यावर प्रक्रिया करतं आणि त्यातून एक नवा पदार्थ तयार होतो. वेदनेचा निरोप अडवण्याचं मुख्य काम हा नवा पदार्थ, म्हणजे आपली रुई, करतो. मूळ ट्रामाडॉलपेक्षा तो त्या जागांना कितीतरी घट्ट धरतो. सेरोटोनिन वाढवण्याचं काम मात्र मूळ ट्रामाडॉल, म्हणजे कच्चा कापूस, करतो.

आता जिनिंग बंद पडली तर? रुई निघत नाही, म्हणून दुखणं थांबत नाही. आणि यार्डात कच्चा कापूस साचत जातो, म्हणजे मूळ ट्रामाडॉल रक्तात वाढतं. त्यातून फिट येण्याचा आणि सेरोटोनिन हाताबाहेर जाण्याचा धोका. यातली खरी फसगत अशी, की दुखणं थांबलं नाही म्हणून माणूस आणखी एक गोळी घेतो. यार्डात आणखी कापूस.

काहींच्या यकृतातली जिनिंग जन्मतःच जास्त वेगाने चालते. त्यांच्यात एकदम भरपूर रुई तयार होते आणि नेहमीचा डोसही जड होतो: गुंगी, मंदावलेला श्वास. बाहेरून बघून हे कोणालाच ओळखता येत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना ट्रामाडॉल देऊच नये, आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही टाळावं असं सांगितलं, त्यामागे हेच कारण आहे. वेगवान जिनिंग असलेल्या आईच्या दुधातून बाळापर्यंत जास्त औषध पोचू शकतं.

तयार गाठी बाहेर नेणारा रस्ता म्हणजे मूत्रपिंड. ते कमजोर असेल तर माल आतच राहतो. म्हणून किडनीच्या रोग्याला डॉक्टर दोन गोळ्यांमधलं अंतर वाढवून देतात आणि दिवसाचा डोस कमी ठेवतात. सामान्य मोठ्या माणसासाठी दिवसाची वरची मर्यादा ४०० मिलिग्रॅम. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ३००. किडनी बरीच खराब असेल तर २००. हे आकडे स्वतः डोस ठरवण्यासाठी नाहीत. बऱ्याच जणांचं काम याहून कमीत भागतं.

नेहमीचे त्रास

मळमळ, उलटी, गरगरणं, झोप, घाम, तोंडाला कोरड, अंगाला खाज. पहिल्या काही दिवसांत यातलं बरंचसं होतं आणि मग कमी होत जातं. बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही. गोळी चालू आहे तोवर ते राहतं. आपल्याकडे संडासबद्दल डॉक्टरला सांगायची लाज, त्यामुळे म्हातारी माणसं आठ-आठ दिवस कुंथत बसतात आणि शेवटी पोट फुगून दवाखान्यात येतात. पाणी, पालेभाजी ठीक आहे, पण बरेचदा तेवढ्याने भागत नाही. गोळीसोबतच पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या.

प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. मधुमेहाच्या रोग्याची साखर, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, अचानक उतरू शकते. घाम फुटला, हातपाय थरथरले तर ‘गोळी गरम पडली’ म्हणून ताक पाजण्याऐवजी आधी साखर तपासा. म्हाताऱ्यांच्या रक्तातलं सोडियम कमी होऊन बरळणं सुरू होऊ शकतं. आणि रात्री उठताना तोल जाऊन पडणं तर आहेच. कंबर दुखते म्हणून गोळी, गोळीने भोवळ, भोवळ येऊन खुबा मोडला, हा प्रकार नवा नाही.

दुखण्याच्या गोळीने फिट?

हो, आणि याच गुणात ट्रामाडॉल इतर बऱ्याच वेदनाशामकांपेक्षा वेगळं आहे. डोस जास्त झाला की फिटचा धोका वाढतोच, पण ठरलेल्या डोसमध्येही फिट आल्याच्या नोंदी आहेत. ज्याला मिरगी आहे, डोक्याला मार लागलाय, जो भरपूर दारू पितो किंवा नुकतीच सोडलीय, त्याच्यासाठी ही गोळी बहुधा योग्य नाही. फिट आलेल्याला चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा, १०८ ला फोन करा.

दुसरा मोठा धोका श्वासाचा. माणूस हाका मारूनही नीट उठत नाही, घोरल्यासारखा अडखळत श्वास, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ही झोप नव्हे. दवाखान्यात नॅलॉक्सोन नावाचं उतारा-औषध असतं. ट्रामाडॉलवर ते अर्धवटच चालतं, कारण सेरोटोनिनची बाजू त्याने उतरत नाही. म्हणून ‘सकाळी बघू’ चालत नाही.

पिशवीतल्या बाकीच्या गोळ्या

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे एका माणसाचे तीन डॉक्टर असतात. गावातला, तालुक्याचा आणि नागपूर किंवा सावंगी-सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यातला. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी आणि एकाला दुसऱ्याची खबर नाही.

सगळ्यात दुर्लक्षित जोडी म्हणजे ट्रामाडॉल आणि नैराश्याच्या गोळ्या. फ्लुओक्सेटीन, पॅरोक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम, अमिट्रिप्टिलीन. अमिट्रिप्टिलीन तर नसांच्या दुखण्यासाठी आणि अर्धशिशीसाठीही देतात, त्यामुळे रोग्याला ती ‘डोक्याची गोळी’ आहे हे ठाऊकच नसतं. या सगळ्या सेरोटोनिन वाढवतात, ट्रामाडॉलही वाढवतं. त्यात फ्लुओक्सेटीन आणि पॅरोक्सेटीन वर सांगितलेली जिनिंगही बंद पाडतात, म्हणजे दुहेरी नुकसान. सेरोटोनिन फार वाढलं की जो त्रास होतो त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात: ताप, भरमसाठ घाम, हातपाय थरथरणं आणि झटकणं, छातीत धडधड, जुलाब, अस्वस्थपणा, बरळणं. आता हेच मे महिन्यात, ४६ अंशांच्या चंद्रपुरात झालं तर घरचे काय म्हणतील? ऊन लागलं. कांद्याचा रस, कैरीचं पन्हं आणि वर आणखी एक दुखण्याची गोळी.

आपल्या भागात नैराश्याच्या गोळ्यांची कमी गरज आहे असं तर कोणी म्हणणार नाही. त्या लपवून घेतल्या जातात, हे दुखणं आहे. नवरा बायकोपासून लपवतो, बायको सासूपासून, आणि दोघंही हाडांच्या डॉक्टरपासून. घरच्यांना नका सांगू हवं तर, पण डॉक्टरला सांगा. आणि हा लेख वाचून ती गोळी मनाने बंद करू नका. बदलायचंच असेल तर वेदनेची गोळी बदलता येते.

टीबीची औषधं हा दुसरा विषय. साध्या टीबीतलं रिफाम्पिसिन शरीरातलं ट्रामाडॉल दुसऱ्याच दाराने लवकर बाहेर काढतं, त्यामुळे गोळी लागूच पडत नाही. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत लिनेझोलिड देतात. ते सेरोटोनिनचा निचरा अडवतं. ट्रामाडॉलसोबत ते टाळलेलं बरं. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात, त्यांची दुकानातली चिठ्ठी नसते, म्हणून ‘दुसरं औषध काही चालू आहे का?’ या प्रश्नाला लोक ‘नाही’ म्हणतात.

झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम वगैरे, आणि नसांसाठीची प्रेगाबालिन किंवा गाबापेन्टिन, यांनी श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. मणक्याच्या रोग्याच्या चिठ्ठीत प्रेगाबालिन आणि ट्रामाडॉल शेजारी-शेजारी दिसणं साधी गोष्ट आहे. डॉक्टरने विचार करून, कमी डोसात दिलं असेल तर भागतं. त्यात स्वतःहून सर्दीची पेंग आणणारी गोळी टाकली की बिघडतं. खोकल्याच्या काही सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, तेही सेरोटोनिनच्या बाजूचं.

दारूबद्दल काय सांगावं! वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, त्यामुळे तिथे हा परिच्छेद कागदोपत्री लागू होत नाही. बाकी मोहाची असो की दुकानची, ट्रामाडॉल घेतलेल्या रात्री दोन्ही सारख्याच. श्वास दाबायला दोघं मिळून पुरेसे आहेत.

हृदयाची झडप बदललेल्यांना रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू असतं. ट्रामाडॉल सुरू झाल्यावर रक्त जास्त पातळ होऊ शकतं, तपासणी लवकर करून घ्यावी लागते. आणि एक गंमत: ट्रामाडॉलने उलटी होते म्हणून सर्रास दिलं जाणारं ओन्डान्सेट्रॉन ट्रामाडॉलची वेदना दाबण्याची ताकद थोडी कमी करू शकतं.

मिश्र गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही असतं, हे विसरून वरून ताप आला म्हणून पॅरासिटामॉल ६५० घेणारेही बरेच. तिथे यकृताचा प्रश्न उभा राहतो.

फवारणीच्या दिवसांत

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते इथे कोणाला नव्याने सांगायला नको. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा झाली की डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. ट्रामाडॉलसारख्या औषधाचा अतिडोस झाला तरीही बारीक होतात. दोन्हींत माणूस गुंगतो, दोन्हींत फिट येऊ शकते. फरक आहे: विषबाधेत लाळ, अश्रू, छातीत घरघर, जुलाब असं सगळं वाहतं, ओपिऑइडमध्ये तोंड कोरडं आणि श्वास संथ. पण दिवसभर पंप पाठीवर घेऊन कंबर धरलेल्या माणसाने दुपारी गोळी घेतली असेल तर चित्र सरमिसळ होतं आणि दोन्हींचे उतारे वेगळे आहेत. दवाखान्यात नेताना फवारलेल्या औषधाचा डबा आणि गोळ्यांचा पत्ता (स्ट्रिप), दोन्ही सोबत न्या.

मग डॉक्टर ही गोळी देतातच कशाला?

कारण दुखण्यावरच्या दुसऱ्या गोळ्याही साध्या नाहीत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन रोज घेतल्या की जठरात जखमा होतात, किडनी खराब होते, रक्तदाब वाढतो. किडनी आधीच नाजूक असलेल्या म्हाताऱ्याला किंवा सिकलसेलच्या रोग्याला त्या फार दिवस देता येत नाहीत. घोणस चावली तर रक्त गोठेनासं होतं, अशा वेळी डायक्लोफेनॅकची सुई म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. म्हणून सर्पदंशाच्या वेदनेवर पॅरासिटामॉल, आणि गरज पडली तर ट्रामाडॉल वापरतात. ऑपरेशननंतरचे चार दिवस, मोडलेलं हाड, कॅन्सरची कळ, इथे या गोळीचा उपकारच आहे. सहा-सहा महिने चालणाऱ्या कंबरदुखीसाठी ती रोजची गोळी व्हावी, याच्या मात्र मी विरोधात आहे. तिथे फायदा थोडा आणि सवय मोठी.

‘आम्ही तर कधीपासून घेतो, काही झालं नाही’

नसेल झालं. पण तुमच्या यकृताची जिनिंग वेगळी, शेजाऱ्याची वेगळी. तुमच्या गोळ्यांचा पत्ता त्याला देऊ नका. आणि आज काही झालं नाही, कारण आज त्यात तिसरी गोळी पडलेली नाही.

रोज घेण्याने आणखी एक होतं. शरीराला सवय लागते. गोळी चुकली की नाक गळतं, घाम, जुलाब, अंगावर काटा, झोप नाही, कमालीची बेचैनी. सेरोटोनिनच्या बाजूमुळे काहींना घबराट, भास, हातापायांना मुंग्याही येतात. लोक याला ‘दुखणं उलटलं’ म्हणतात आणि पुन्हा गोळी घेतात. बरेच दिवस घेत असाल तर झटक्यात सोडू नका. डॉक्टर डोस हळूहळू उतरवून देतात. व्यसनासारखं वाटत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फुकट बोलता येतं.

गोळी घेतली की दिवसभर वेचणी होते, रोवणीत कंबर वाकवता येते, असंही ऐकायला मिळतं. यावरून कॅमेरूनची एक खरी गोष्ट. २०१३ मध्ये संशोधकांना तिथल्या एका झाडाच्या मुळांत ट्रामाडॉल सापडलं. निसर्गच हे औषध बनवतो म्हणून मोठा गाजावाजा झाला. २०१४ मध्ये जर्मनीतल्या दुसऱ्या गटाने खुलासा केला. तिथले शेतकरी उन्हात राबता यावं म्हणून स्वतः ट्रामाडॉल खात होते आणि बैलांनाही चारत होते. माणसांच्या-जनावरांच्या मूत्रातून ते जमिनीत उतरलं आणि झाडाने ओढून घेतलं.

‘मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नाही’

बरोबरच करतो. ट्रामाडॉल ‘शेड्यूल एच-वन’ यादीत आहे. पत्त्यावर लाल चौकटीत इशारा असतो. डॉक्टरचं नाव, रोग्याचं नाव, औषध आणि किती गोळ्या दिल्या, हे दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपावं लागतं. एप्रिल २०१८ पासून ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या, कक्षेतही आलं. चिठ्ठीशिवाय सहज देणारा दुकानदार तुमच्यावर मेहरबानी करत नसतो.

पण याची दुसरी बाजू मला जास्त खटकते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेलचे रोगी मोठ्या संख्येने आहेत. कळ उठली की साधी गोळी त्यांना पुरत नाही. रात्री अकरा वाजता चिठ्ठी घेऊन आलेल्या पोराकडे नशेबाज म्हणून बघणं हा कायद्याचा अर्थ नव्हे. सिकलसेलचं कार्ड आणि ताजी चिठ्ठी जवळ ठेवा, आणि मोठ्या माणसाची गोळी अर्धी मोडून लहान पोराला देऊ नका. हळूहळू विरघळणारी एसआर गोळी तर मोठ्यांनीही मोडायची, चावायची नाही. तासन्‌तास पुरायचं औषध एकदम रक्तात उतरतं.

दवाखान्यात जाताना

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या. बीपीच्या, शुगरच्या, टीबीच्या, डोक्याच्या, पुडीतल्या, वैदूच्या. इंग्रजी वाचता येत नसेल तर पत्ता फेकू नका, कापतानाही नाव असलेली बाजू शेवटपर्यंत राहू द्या. आशाताई किंवा मेडिकलवाला वाचून सांगेल. पूर्वी कधी फिट आली होती का, किडनीचा त्रास आहे का, दारू किती, पोटात किंवा अंगावर बाळ आहे का, हे न विचारताही सांगा. उरलेल्या गोळ्या कोनाड्यात ठेवू नका, पोरांच्या हाती लागतात.

गोळीने काही वेगळाच त्रास झाला तर त्याची नोंद रोगी स्वतःही करू शकतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचा फुकट नंबर १८००-१८०-३०२४ आहे, कामाच्या दिवशी ऑफिसच्या वेळेत लागतो. फोन करताना गोळीचा पत्ता हातात असू द्या. बॅच नंबर विचारतात.